उकिरडा तापला तरच शेणखत

गोठ्यामागे वर्षभर साठलेला उकिरडा एप्रिल-मेमध्ये उपसायला घेतला की बहुधा तीन थर निघतात. वर उन्हाने वाळून गोवरीसारखे झालेले पोपडे, मधे वीतभर चांगलं काळं खत आणि तळाशी हिरवट, चिकट, टाकलं तसंच राहिलेलं शेण. तिन्ही एकाच ट्रॉलीत भरली जातात आणि शेतात 'शेणखत' म्हणून पडतात. मग पीक पिवळं का पडलं, तण एवढं कुठून आलं, याची उत्तरं जूनमध्ये कृषी सेवा केंद्रात शोधली जातात.

शेण कुजवणारे जिवाणू शेणातच भरपूर असतात. त्यांना हवा, ओल आणि कर्ब बेताने मिळालं तर ते ढीग स्वतःच तापवतात आणि त्या तापात बहुतेक रोगजंतू व तणाचं बी मरतं. त्यामुळे आधी ढीग नीट लावायचा आणि विकतचं कल्चर, म्हणजे पाकिटातली बुरशी किंवा जिवाणू, अगदी शेवटी, ढीग निवल्यावर घालायचं. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो.

ढिगात कोण कधी काम करतं

पहिले दोन-तीन दिवस साध्या तापमानाला वाढणारे जिवाणू साखर, पिष्ट असं सोपं अन्न खातात. त्यांच्या श्वसनाने ढीग ४०-४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि तेच स्वतः मागे पडतात. मग उष्णता सोसणारे जिवाणू ताबा घेतात, त्यात बॅसिलस गटातले बरेच असतात. त्यांच्या काळात ढीग ५५ ते ६५ अंशांवर जातो. साल्मोनेला, ई. कोलाय आणि बहुतेक तणांचं बी याच टप्प्यात मरतं. चांदवेलीसारखं कडक कवचाचं बी मात्र यातूनही वाचू शकतं. ७० अंशांच्या वर गेलं की कामाचे जिवाणूही मरतात, म्हणजे जास्त ताप हा काही फायदा नव्हे.

सोपं अन्न संपलं की ढीग निवू लागतो. तेव्हा बुरशी आणि ॲक्टिनोमायसिटिस नावाचे जिवाणू काडीतल्या चिवट भागाकडे, सेल्युलोज आणि लिग्निनकडे वळतात. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तो वास याच गटातले स्ट्रेप्टोमायसिस तयार करतात. तयार खताला तसाच वास आला पाहिजे.

मोजमाप

ताज्या शेणात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे एक भाग नत्रामागे (नायट्रोजन) कर्बाचे (कार्बन) भाग, २० ते २५ असतं. ढिगाला हवं असतं २५ ते ३५ गुणोत्तर आणि ५५ ते ६५ टक्के ओल. नुसतं शेण रचलं तर ते स्वतःच्या वजनाने दाबलं जातं, आत हवा उरत नाही. म्हणून १०० किलो ताज्या शेणात २० ते २५ किलो कोरडा काडीकचरा घालायचा: गव्हाचा भुस्सा, सोयाबीनचं कुटार, कडब्याची कुटी, वाळलेला पाला. घमेल्याने मोजायचं तर एक घमेलं शेणाला तीन-चार घमेली न दाबलेला भुस्सा. तो बराच वाटतो, पण शेणातलं जादा पाणी त्यालाच शोषायचं असतं.

उसाचं पाचट चालतं, मात्र बोटभर लांबीचे तुकडे करून, कारण त्यात कर्ब फार आणि नत्र अगदी थोडं. पऱ्हाटी आणि तुराट्या श्रेडरमधून काढल्याशिवाय घालू नका. अख्ख्या काड्या वर्षभरातही कुजत नाहीत आणि पऱ्हाटीला राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत असते. कुट्टी ढिगाच्या मध्यभागी जाईल असं पाहा. कोंबडीखताचं गुणोत्तर १०च्या आसपास असल्याने ते शेणाच्या जागी नव्हे, तर काडी जास्त झालेल्या ढिगाला जोर देण्यापुरतं वापरा.

गोठ्यातलं मूत्र वाहू देऊ नका. जनावर बाहेर टाकतं त्या नत्राचा निम्म्याच्या आसपास वाटा मूत्रात असतो. गव्हाणीच्या मागे भुस्सा किंवा पाला अंथरा आणि रोज सकाळी शेणासकट ओढून घ्या. अर्धं मिश्रण तिथेच तयार होतं.

ढीग लावणं

रुंदी ५ फूट, उंची ४ फूट, लांबी जागेप्रमाणे. उंची ३ फुटांच्या खाली असेल तर उष्णता टिकत नाही आणि ६ फुटांच्या वर गेली तर तळ दबून सडतो. दोन जनावरांचं रोज २४-२५ किलो शेण धरलं तर महिन्याला ७०० किलोच्या वर जमतं. काडीकचऱ्यासकट त्यात ६-७ फूट लांबीचा एक ढीग होतो.

रोज थोडं शेण त्याच ढिगावर टाकत राहिलात तर तो एकसारखा कधीच तापत नाही, कारण वर आजचं शेण आणि खाली चार महिन्यांपूर्वीचं. रोजचं शेण बाजूला भुस्सा टाकून साठवा आणि १५-२० दिवसांनी किंवा महिन्याने एकदम ढीग लावा.

जागा उंचवट्याची आणि विहिरीपासून लांब हवी. तळाशी वीतभर जाड काड्यांचा थर द्या, त्यातून हवा वर चढते. त्यावर शेण आणि भुस्सा मिसळून टाका. थर देणं सोपं, पण मिसळलेलं लवकर तापतं. दर फूटभर उंचीला दोन पाट्या जुनं तयार खत विस्कटा. हेच फुकटचं विरजण. सगळ्यात वर दोन-तीन इंच जुन्या खताचं किंवा कोरड्या मातीचं पांघरूण घाला, म्हणजे माशा अंडी घालत नाहीत आणि अमोनिया अडतो.

ओल पाहायला मूठभर मिश्रण घट्ट पिळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले तर ठीक. धार लागली तर भुस्सा वाढवा, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर ढीग झाडाच्या सावलीत आणि गोणपाटाखाली ठेवावा लागतो. कोकणात जूननंतर ताडपत्री किंवा छप्पर नसेल तर ढीग लावूच नये, कारण नत्र आणि पालाश पावसाच्या पाण्यासोबत वाहून जातात.

चुना घालू नका. वास मारायला आणि माशा घालवायला तो भुरभुरण्याची सवय आहे, पण त्याने सामू (पीएच) वाढतो आणि नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. चुलीची राख जास्त टाकली तरी तेच. त्याउलट सिंगल सुपर फॉस्फेट टनाला २५ किलोच्या आसपास मिसळलं तर अमोनिया धरून ठेवायला मदत होते आणि खतात स्फुरद वाढतं.

पलटी

चांगला ढीग दोन ते चार दिवसांत ५० अंश ओलांडतो. लांब दांड्याचा तापमापक घेणं उत्तम, आणि शेणखत विकणाऱ्याने तर तो घ्यायलाच हवा. नसेल तर लोखंडी पहार ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर मुठीत धरवत नसेल तर ताप पुरेसा आहे, नुसती कोमट लागली तर नाही. ५५ आणि ६५मधला फरक मात्र हाताला कळत नाही.

ताप ६५च्या वर गेला किंवा चढून पुन्हा ५०च्या खाली आला की पलटी मारा. बाहेरची साल आत आणि आतला गाभा बाहेर आला पाहिजे. नुसतं वरखाली ढवळून उपयोग नाही, कारण कडेच्या अर्ध्या फुटात ताप कधीच पुरेसा नसतो आणि जंतू तिथेच टिकून राहतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेती नियमांत अशा लांबट ढिगासाठी ५५ अंशांच्या वर १५ दिवस आणि तेवढ्यात किमान ५ पलट्या अशी अट आहे. एवढी माणसं लावणं प्रत्येकाला जमणार नाही. निदान पहिल्या तीन आठवड्यांत तीन पलट्या तरी चुकवू नका आणि प्रत्येक पलटीनंतर ढीग पुन्हा तापला याची पहारीने खात्री करा. पलटीच्या वेळी वाफ दिसेल तितकं पाणी उडालेलं असतं, ते शिंपडून भरून काढा.

ढिगाचं दुखणं बहुधा वासावरून ओळखता येतं. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त, काडी कमी. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही आणि पाणी जास्त, तेव्हा लगेच उकरून कोरडा भुस्सा मिसळा. वास नाही आणि तापही नाही, तर ढीग कोरडा, लहान किंवा नुसत्या काडीचा आहे. गोमूत्र पाण्यात मिसळून शिंपडा आणि पुन्हा रचा. आत राखेसारखी पांढरी पूड दिसली तर घाबरू नका, ते ॲक्टिनोमायसिटिस असतात. मात्र तिथलं खत ठिसूळ आणि कोरडं लागत असेल तर पाणी कमी पडलं आहे.

पलटी मारताना इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या की सगळे त्यांना हुमणी म्हणतात. खताच्या खड्ड्यातली अशी मोठी अळी पुष्कळदा गेंड्या भुंग्याची असते. कोकणात नारळाचा शेंडा पोखरतो तो हाच. दोन्हींचा इलाज सारखाच: अळ्या वेचा, कोंबड्या सोडा आणि ढीग तापवा. थंड पडलेला, न हलवलेला उकिरडा त्यांना मानवतो.

निवल्यावर

तीन-चार आठवड्यांनी पलटी मारूनही ढीग तापेनासा झाला की तो सहा ते आठ आठवडे ओलसर ठेवून मुरू द्या. ट्रायकोडर्माची, म्हणजे विकतच्या कल्चरची, वेळ आता येते. ही बुरशी २५ ते ३० अंशांना चांगली वाढते. तापत्या ढिगात ओतलेली तिची पाकिटं म्हणजे पैसे उकळत्या पाण्यात टाकणं.

निवलेलं १०० किलो खत सावलीत पसरा, त्यात १ किलो ट्रायकोडर्मा पावडर मिसळा, वाफशाच्या मातीइतकी ओल ठेवा आणि गोणपाटाने झाका. दर तीन दिवसांनी हलवा. सात ते दहा दिवसांत ती खतात पसरते, मग बाकीच्या खतात मिसळून शेतात न्या. पाकिटावर मुदतीची तारीख पाहा आणि संख्याही वाचा: ट्रायकोडर्माच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान २० लाख, तर ॲझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या भुकटीत किमान ५ कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. पाकीट दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेलं असेल तर छापलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केलेल्या जमिनीत ट्रायकोडर्मा लगेच घालू नका, मरते.

खत तयार झालं का, हे पाहायला ओलं खत प्लास्टिक पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर अजून कच्चं आहे. शिवाय निम्मी माती आणि निम्मं खत असलेल्या कुंडीत मुगाचे २० दाणे पेरा, नुसत्या मातीत २० पेरा. पाच-सहा दिवसांत खताच्या कुंडीतले कमी उगवले किंवा मुळं तपकिरी दिसली तर थांबा.

शेतात

काडी न कुजलेलं खत टाकलं की जमिनीतले जिवाणू ती काडी कुजवायला मातीतलं नत्र उचलतात आणि पीक पिवळं पडतं. गुणोत्तर ३०च्या वर असेल तर हे होतं, २०च्या खाली आलं की उलट नत्र सुटू लागतं. युरियाची फेक करून पिवळेपणा झाकता येतो, पण खर्च दोनदा होतो.

एकरी ४ ते ५ टन हा नेहमीचा हिशेब. एप्रिलमध्ये शेतात छोटे ढीग घालून मेअखेर विस्कटायची पद्धत नत्राला आणि जिवाणूंना दोघांनाही मारक आहे, त्यातून आपली काळी जमीन चुनखडीयुक्त आणि विम्ल (जास्त सामूची) असेल तर अमोनिया आणखी वेगाने उडतो. पेरणीच्या तोंडावर न्या, विस्कटा आणि त्याच दिवशी वखराने मातीआड करा.

कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना, म्हणजे कोथिंबीर, मुळा, काकडी, टोमॅटो यांना, ताजं शेण किंवा त्याची स्लरी देऊ नका. अमेरिकी नियमांत न कुजवलेलं शेण मातीशी संबंध येणाऱ्या पिकाला काढणीच्या १२० दिवस आधी आणि इतरांना ९० दिवस आधी गाडायची मर्यादा आहे. आपल्याकडे पालेभाजीचं पीकच ३०-४५ दिवसांचं, म्हणजे तिला कुजवलेलंच खत हवं. जीवामृतालाही हे लागू आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन घालून दोन दिवस ठेवलेलं द्रावण तापत नाही आणि गूळ-बेसनावर चांगल्या जिवाणूंबरोबर ई. कोलायही वाढू शकतो. ते मुळाशी, जमिनीत द्या. खायच्या पानांवर फवारू नका.

गाभडलेल्या जनावराचं वासरू आणि वार कधीही ढिगात टाकू नका, त्यात ब्रुसेलाचे जंतू असू शकतात आणि त्यांचा आजार माणसालाही होतो. हातमोजे घालून चार-सहा फूट खोल, वर चुना टाकून पुरा. धनुर्वाताचे जंतू बीजाणूंच्या रूपात ढिगाचा ताप सहज सोसतात. म्हणून ढीग उपसताना पायात गमबूट हवेत, हातापायाची जखम झाकलेली हवी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी घेतलेलं हवं.