मधला दांडा नसलेली ई-सायकल घेताय? आधी या चुका टाळा

पंचवीस ते चाळीस हजारात हल्ली ई-सायकलींची नुसती गर्दी आहे. लुधियानाची हिरो लेक्ट्रो, पुण्याची ईमोटोरॅड, टाटांची स्ट्रायडर, शिवाय कुठकुठले नवे ब्रँड. आणि दुकानात शिरलं की दहातले नऊ जण पहिला प्रश्न तोच विचारतात, "एका चार्जमध्ये किती जाते?" अहो, तुम्ही दांडा नसलेली सायकल बघताय म्हणजे गुडघ्याचा त्रास आहे, किंवा साडी-ड्रेसवर चालवायचीय, किंवा मागे सामान बांधल्यावर पाय मागून टाकता येत नाही. मग आधी ते बघा ना, रेंज नंतर.

पहिली चूक म्हणजे फोटो बघून ऑनलाइन मागवणं. बऱ्याच मॉडेल्सना नुसतं स्टेप-थ्रू (म्हणजे मधून पाय टाकून चढायची) म्हणतात पण दांडा तिरका करून थोडा खाली आणलेला असतो, गुडघा दुखणाऱ्या माणसाला तो ओलांडायला तेवढाच त्रास. पाय जिथून ओलांडायचा ती फ्रेमची सगळ्यात खालची जागा जमिनीपासून किती उंच आहे ते टेप लावून मोजा, चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरच्या वर गेली की फायदा कमी होत जातो. सीट सगळ्यात खाली करून बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत, कारण ही वीस-पंचवीस किलोची गाडी आहे, सिग्नलला एका बाजूला कलली की साध्या सायकलसारखी सहज सावरत नाही. आणि काकांनो, "ही लेडीज सायकल आहे" म्हणून लाजू नका हो, साठीनंतर पाय मागून फिरवून टाकताना पडण्यापेक्षा हे कधीही बरं.

साडी, ओढणी, लेंगा हा विषय तर बहुतेक लोक विसरतातच. आपल्या जुन्या लेडीज सायकलींना पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असायची, या नव्या ई-सायकली दिसायला स्पोर्टी म्हणून चेन उघडी, मडगार्ड एवढेसे, आणि जाळीचं नाव नाही. ओढणी स्पोकमध्ये गेली की काय होतं ते सांगायला नको, त्यात मोटर मागच्या चाकात, म्हणजे चाक स्वतःहूनही ओढतंय. जाळी आणि चेनकव्हर बसेल का हे घेण्याआधीच विचारा, डिस्क ब्रेक आणि मोटरची वायर मध्ये येत असल्यामुळे प्रत्येक गाडीला बसतेच असं नाही.

बॅटरी कुठे आहे तेही बघा. नेहमीच्या फ्रेममध्ये ती खालच्या दांड्यात मावते, पण इथे जागा कमी म्हणून काही कंपन्या सीटच्या मागे उभी लावतात तर काही कॅरिअरखाली. कॅरिअरखालची बॅटरी, मागच्या चाकात मोटर, वर भाजीची पिशवी किंवा मूल, म्हणजे सगळं वजन मागे आणि पुढचं हँडल हलकं. त्यात मधला दांडा नाही त्यामुळे फ्रेम थोडी लवचिक असतेच, भरपूर वजन टाकलं की वळणावर गाडी डुलल्यासारखी वाटते. मुलाला मागे बसवणार असाल तर कॅरिअरवर किती किलो चालतात तो आकडा लेखी बघा, सेल्समनच्या "काही होत नाही मॅडम"वर जाऊ नका.

आणि ती बॅटरी किल्लीने काढून घरात नेता आली पाहिजे, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ही अटच समजा. पार्किंगमध्ये प्लग नसतो, असला तर सोसायटीत वाद असतो, आणि लिफ्ट बंद पडली की अख्खी गाडी तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार?

आता रेंजचं गणित, ते सोपं आहे. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेलं असतं, दोन्हीचा गुणाकार करा, बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-अवरमध्ये कळतं. ३६ व्होल्ट आणि ७.६५ म्हणजे साधारण २७५ वॉट-अवर. ३६ आणि ५.८ म्हणजे जेमतेम २०९. पॅडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर (हँडलवरच्या अ‍ॅक्सिलरेटरवर) किलोमीटरला बारा ते पंधरा वॉट-अवर जातात, पॅडल मारत गेलात तर सात ते दहा. म्हणजे २७५ वाली थ्रॉटलवर वीसच्या आसपास आणि पॅडल मारून तीस-पस्तीस. जाहिरातीतला मोठा आकडा हलक्या माणसाचा, सपाट रस्त्याचा, सगळ्यात कमी असिस्टवरचा, म्हणजे मोटरची मदत कमीत कमी ठेवून काढलेला असतो. पण खरं सांगू का, गावातल्या गावात रोजचे आठ-दहा किलोमीटर होतात, त्याला छोटी बॅटरीही पुरते. पूर्ण चार्जला पाव-अर्धा युनिट वीज लागते, त्याचा हिशोब करत बसू नका, बॅटरी बदलायची वेळ आली की दहा हजारांच्या वर जातात त्याचा करा. वॉरंटी कार्डात फ्रेमला काय लिहिलंय ते मोठ्या अक्षरात असतं, तुम्ही बॅटरीची ओळ शोधा.

चढाचं बोलायचं तर नाशिक किंवा पुण्याच्या पेठांमध्ये गिअर नसलेली गाडी आरामात चालते. पण बावधनकडून चांदणी चौकात चढायचं असेल, साताऱ्यात राहत असाल किंवा पणजीत अल्तिनोच्या टेकडीवर घर असेल तर मागे निदान सात गिअर हवेतच, २५० वॉटची मोटर चढावर सगळं काम एकटी करत नाही, आणि जबरदस्तीने करायला लावलं तर तापते.

लायसन्स लागत नाही, आरटीओ पासिंग नाही, हे खरं, पण कधीपर्यंत? मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेपर्यंतच. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ही सूट दिलीय. "वेग रोखणारी वायर काढली की पस्तीसने पळते" असं कोणी दुकानात हळूच सांगितलं तर सरळ बाहेर पडा, वेग वाढवला की ते मोटार वाहन झालं, अपघात झाला तर नंबर प्लेट नाही, विमा नाही, सगळं तुमच्या गळ्यात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या ई-बाइकवर मोहीमही काढली होती.

टेस्ट राइड गर्दीतच घ्या, शोरूमच्या रिकाम्या गल्लीत नाही. स्वस्त गाड्यांमध्ये फक्त पॅडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे मोटर किंचित उशिरा सुरू होते आणि पॅडल थांबवल्यावरही क्षणभर ढकलते. मंडईसारख्या ठिकाणी हा क्षणभर फार मोठा असतो. म्हणून ब्रेक दाबताच मोटर बंद होणारे लिव्हर आहेत का ते स्वतः दाबून बघा. आणि चढताना, उतरताना, हातात धरून चालवताना पॉवर बंद, नाहीतर थ्रॉटलला हात लागून गाडी एकटीच उडी मारते.

घेतल्यानंतरच्या तक्रारी बहुतेक त्याच त्याच असतात. डिस्प्ले चालू पण मोटर चालत नाही? आधी दोन्ही ब्रेक लिव्हर पूर्ण मागे आलेत का बघा, एक जरी अर्धवट अडकला तरी मोटर बंदच राहते. थ्रॉटलवर चालते पण पॅडलवर नाही, तर पॅडलच्या आतल्या बाजूची चुंबकांची चकती सरकलेली असते. अचानक रेंज घटली तर हवा तपासा, टायरच्या कडेवर किती पीएसआय (हवेचा दाब) ते लिहिलेलं असतं. पावसात चालवायला हरकत नाही, पण प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, कनेक्टरमध्ये पाणी जातं आणि मग डिस्प्लेवर एरर.

पंक्चरचं उगाच टेन्शन घेतात लोक. मागचं चाक न काढताही एका बाजूने टायर उघडून ट्यूब बाहेर ओढता येते, पंक्चरवाल्याला तेवढं सांगा. चाक काढायचीच वेळ आली तर मोटरची वायर जिथे जोडलीय तो कनेक्टर सरळ ओढून काढायचा, पिळायचा नाही, आणि परत लावताना बाणासमोर बाण.

मे महिन्यात गावाला जाताना बॅटरी रिकामी ठेवून गेलात तर परत आल्यावर ती चार्जच घेत नाही, असं खूप होतं. निम्म्याहून थोडी जास्त भरून, काढून, घरात सावलीत ठेवा. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या, आणि रात्रभर लावून झोपू नका. चार्जर लावताच हिरवा दिवा लागला तर बॅटरी भरली असं नाही, पिन नीट बसली नसेल किंवा फ्यूज गेला असेल, आधी ते बघा. त्यानंतरही तेच असेल तर सर्व्हिस सेंटरला न्या, गल्लीतल्या मोबाइल रिपेअरवाल्याला पॅक उघडू देऊ नका.