दम्याच्या अटॅकमध्ये फेनो चाचणी: या चुका टाळा

समोरच्याला धाप लागलीय, एक वाक्य धड पुरं होत नाहीये, आणि आपण त्याला सांगतोय, 'दहा सेकंद एकसारखं फुंका.' सगळ्यात मोठी चूक हीच. श्वासनलिकेला अ‍ॅलर्जीच्या प्रकारची सूज असली की तिच्या अस्तरातल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतात. बाहेर सोडलेल्या श्वासातला हा वायू फेनो चाचणी मोजते. पण त्यासाठी मोठ्यांना साधारण १० सेकंद आणि १२ वर्षांखालच्या मुलांना ६ सेकंद संथ फुंकावं लागतं. अटॅकमध्ये ते जमत नसेल तर यंत्र बाजूला ठेवा. आधी पंप किंवा नेब्युलायझर, गरज असेल तर ऑक्सिजन. अटॅक किती गंभीर आहे ते रुग्णाच्या बोलण्यावरून, ऑक्सिजनच्या पातळीवरून आणि पीक फ्लोवरून (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते, त्यावरून) ठरतं. फेनोवरून नाही.

दुसरी चूक जास्त फसवी: आकडा कमी आला म्हणून निश्चिंत होणं. नळ्या आवळल्या असतील तर तेवढ्यानेच आकडा खाली येतो. सिगारेटनेही येतो. स्टेरॉइड सुरू झालं असेल तर काही दिवसांत उतरतो. शिवाय प्रत्येक दम्यात ही विशिष्ट सूज असतेच असं नाही. त्यामुळे 'फेनो नॉर्मल, म्हणजे दमा नाही' हे वाक्य रिपोर्टवर दिसलं की मला धास्तीच वाटते.

आता फुंकण्याबद्दल. वेग सेकंदाला ५० मिलिलिटर हवा. जोरात फुंकलं तर आकडा कमी येतो, हळू फुंकलं तर जास्त. श्वास तोंडाने, यंत्राच्या फिल्टरमधूनच आत घ्यायचा, कारण नाकात आणि सायनसमध्ये हा वायू कितीतरी पट जास्त असतो. फुंकताना यंत्र थोडा विरोध करतं, तोही मुद्दाम: त्या दाबाने टाळूचा मागचा भाग वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. स्पायरोमेट्रीची (जोरात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीची) सवय असलेले इथेही नाकाला क्लिप लावतात. लावू नका, नाकात वायू साचून घशात उतरू शकतो.

आणि हो, स्पायरोमेट्री नंतर. आधी जोरजोरात फुंकून घेतलं की फेनो कमी येतो.

चाचणीआधी तासभर खाणंपिणं, व्यायाम नको. बीट, पालक, लेट्यूस यांतल्या नायट्रेटने आकडा फुगतो. सर्दीनेही फुगतो.

मोठ्यांमध्ये २५ पीपीबीखाली (पीपीबी म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे किती भाग) कमी, ५० च्या वर जास्त धरतात; मुलांमध्ये २० आणि ३५. तरी तुलना त्याच रुग्णाच्या जुन्या आकड्याशी करा, शक्यतो त्याच यंत्रावरच्या. आधीचा आकडा ५० च्या आत असेल तर १० पीपीबीहून जास्त फरक, ५० च्या वर असेल तर २० टक्क्यांहून जास्त फरक दखल घेण्याजोगा. रिपोर्टवर एवढं तरी लिहून ठेवा: शेवटचं स्टेरॉइड कधी घेतलं, सर्दी होती का, फुंक कितव्या प्रयत्नात जमली.