पांढरे केस केशरी नकोत, तपकिरी हवेत? मग नीळ पावडर

नुसत्या मेंदीने पांढरे केस केशरी होतात, आणि डोकंभर काळा डाय लावला की विग घातल्यासारखं दिसतं.

१. कानशिलं आणि भांगापुरती २५ ग्रॅम शुद्ध मेंदी कोमट पाण्यात कालवून झाकून ठेवा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ४-५ तास पुरतात. रात्रभर ठेवली तर रंग फिका चढतो.

२. लावायच्या १०-१५ मिनिटं आधी ५० ग्रॅम नीळ पावडर (निळीच्या पाल्याची, कपड्यांची नीळ अजिबात नव्हे) वेगळी भिजवा, चिमूटभर मीठ घालून. लिंबू, दही नको. आंबटाने निळीचा रंग नीट धरत नाही.

३. दोन्ही एकत्र करून लगेच जुन्या टूथब्रशने फक्त पांढऱ्या बटांवर, मुळापासून लावा. टोकांना दरवेळी लावाल तर ती काळपट होत जातात, खरी चूक इथेच होते. टोपी घालून २ तास ठेवा, साध्या पाण्याने धुवा.

धुतल्यावर हिरवट झाक दिसली तर घाबरू नका, दोन दिवसांत रंग तपकिरी होतो. तोवर शाम्पू नको.

‘काळी मेंदी’च्या पाकिटावर पीपीडी (केस काळे करणारं रसायन, काहींना त्याची ॲलर्जी होते) लिहिलंय का बघा. नवं पाकीट असेल तर कानामागे लावून ४८ तास थांबा. खाज किंवा पुरळ आली तर वापरूच नका.