हलगीच्या ठोक्यावर मॉड्युलर सिंथ: पहिलं सर्किट बांधणाऱ्यांसाठी

हलगीतून मॉड्युलर सिंथकडे (सुटे भाग तारांनी जोडून आवाज घडवणाऱ्या यंत्राकडे) दोन गोष्टी जायला हव्यात: ठोका कधी पडला आणि किती जोरात पडला. पहिलीचा ट्रिगर (सुरुवातीचा छोटा विजेचा झटका) होतो, दुसरीचा एन्व्हलप (जोरासोबत चढणारं-उतरणारं व्होल्टेज). नवखे दोन्ही एकाच तारेतून काढू बघतात आणि टिपरू नि काडी या हलगीच्या दोन काठ्यांच्या ठोक्यांतला फरक सिंथमध्ये पोचतच नाही. हलगीचं सगळं बोलणं त्या फरकात आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वाटा वेगळ्या धरा.

सुरुवात २७ मिमीच्या पिझो प्लेटने (हादऱ्याची वीज करणाऱ्या चकतीने) करा, बझरमध्ये असते तीच. बीसी५४७ (ट्रान्झिस्टर), १एन४१४८ (डायोड), झिरो पीसीबी (भोकांची कोरी पट्टी) हे सांगली-साताऱ्यात मिक्सर-टीव्ही दुरुस्तीचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा. टीएल०७४, टीएल०७२ (ऑप-अँप म्हणजे सिग्नल वाढवणारे आयसी), सीमॉस ७५५५ (टायमर आयसी) आणि ३.५ मिमी मोनो जॅक तिथे नसतील, तर पुण्याच्या तपकीर गल्लीची एक फेरी करा आणि प्रत्येक आयसी दोन-दोन आणा.

प्लेटच्या पांढऱ्या बाजूवर सोल्डरिंग एक-दोन सेकंदांत उरका. जास्त वेळ बिट टेकवलीत तर चांदीचा थर उचलला जातो आणि प्लेट वाया जाते. पितळी बाजू कातड्याकडे, पातळ दुहेरी टेपने, आतून, कड्यापासून दोन बोटं अंतरावर बसवा. मधोमध लावली तर जोराच्या ठोक्याला सिग्नल कापला जातो आणि कातड्याचा आवाजही दबतो. तार कड्यालाच बांधून घ्या, नाहीतर दुसऱ्या तासाला सोल्डर तुटतो. आणि हलगी शेकायच्या आधी प्लेट काढा. उष्णतेने टेप सुटते, हॉट ग्लू लावला असेल तर तो वितळतो.

पिझो प्लेट म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. तिच्यापुढे १ मेगओहम लावला तर ८ हर्ट्झपासून वरचं सगळं आत येतं, १०० किलोओहम लावला तर ८० हर्ट्झच्या खालचं गळतं. हलगीला १०० किलोओहम चांगला, ५० हर्ट्झची गुणगुण तिथेच कमी होते. ढोलकीच्या धुमाला मात्र १ मेगओहमच हवा. कडक ठोक्याला प्लेट दहा-वीस व्होल्ट सहज फेकते, म्हणून पुढे १० किलोओहम सिरीजमध्ये आणि दोन्ही सप्लायकडे (अधिक आणि उणे १२ व्होल्ट) एकेक १एन४१४८. हे दोन डायोड वाचवायला जाल आणि आयसी घालवाल.

टीएल०७४ मधले चार ऑप-अँप असे वाटा. पहिला नॉन-इन्व्हर्टिंग गेन: १० किलोओहम आणि १०० किलोओहमचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर), म्हणजे जास्तीत जास्त ११ पट. दुसरा-तिसरा मिळून फुल-वेव्ह रेक्टिफायर, म्हणजे लाटेची उलटी बाजूही सुलटी करणारा. एकच बाजू घेणाऱ्या हाफ-वेव्हने काम भागेल असं वाटतं, पण ठोक्याची पहिली लाट उलट्या दिशेची आली तर अर्धी लाट वाट बघावी लागते. १०० हर्ट्झच्या धुमाला ते ५ मिलिसेकंद झाले, आणि वाजवणाऱ्याच्या हाताला ती ढिलाई कळते. चौथा भाग कंपॅरेटर: सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर गेला की चालू होतो. ही पातळी म्हणजे थ्रेशोल्ड, तिच्यासाठी १२ व्होल्टपासून ४७ किलोओहम आणि खाली १० किलोओहमचा पॉट, म्हणजे ० ते सुमारे २.१ व्होल्ट. सिग्नल १० किलोओहममधून प्लस पिनला द्या आणि आउटपुटपासून तिथेच १ मेगओहम परत आणा. सुमारे ०.२ व्होल्टचा हिस्टेरेसिस (चालू आणि बंद व्हायच्या पातळ्यांमधलं अंतर) मिळतो.

तरी एका ठोक्याला तीन-चार ट्रिगर येतील, कारण कातडं घुमत राहतं. इथेच बहुतेक जण अडकतात आणि थ्रेशोल्ड वाढवत बसतात, मग काडीचे ठोके हरवतात. उपाय थ्रेशोल्डमध्ये नाही, वेळेत आहे. कंपॅरेटरनंतर ७५५५ मोनोस्टेबल (एका झटक्याला ठरलेल्या वेळेचा एकच पल्स देणारा) लावा: एकदा सुटला की वेळ संपेपर्यंत तो पुढचं काही ऐकत नाही. ३९० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड घेतले तर १.१ गुणिले आरसी (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर), म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंद. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत मात्रेचे चार ठोके ७५ मिलिसेकंदांवर येतात, त्यामुळे हे बसतं. त्याहून दाट बोलांना २२० किलोओहम घ्या, २४ मिलिसेकंद होतात.

७५५५ ला पिन २ वर खाली जाणारी धार लागते, म्हणून मध्ये बीसी५४७. त्याच्या बेसला ४७ किलोओहम आणि बेसपासून ग्राउंडला उलटा डायोड हवाच: कंपॅरेटर उणे १० व्होल्टपर्यंत जातो आणि हा ट्रान्झिस्टर उलट दिशेने सहा व्होल्टही धड सोसत नाही. कलेक्टरला ५ व्होल्टकडे १० किलोओहम लावा. तिथून १ नॅनोफॅरडमधून पिन २, तिला ५ व्होल्टकडे १० किलोओहम आणि एक १एन४१४८. कपॅसिटर विसरलात आणि कातडं वेळेपेक्षा जास्त घुमलं, तर ट्रिगर उंचच राहतो. ७५५५ ला ७८एल०५ वरून ५ व्होल्ट द्या. जुना एनई५५५ पाच व्होल्टवर साडेतीनच्या आसपासच देतो आणि सप्लायवर झटके टाकतो.

जोराची वाट टीएल०७२ वर. एका भागाच्या फीडबॅकमध्ये डायोड ठेवा, म्हणजे ०.६ व्होल्टची कात्री लागत नाही आणि हलका ठोका जिवंत राहतो. पुढे १ किलोओहम, १०० नॅनोफॅरड, आणि उतारासाठी ४७ किलोओहमसह १ मेगओहमचा पॉट. दुसरा भाग बफर. दोन्ही आउटपुटला १ किलोओहम.

युरोरॅकच्या (मॉड्युलर सिंथच्या प्रचलित मापाच्या रॅकच्या) केबलची लाल कड उणे १२ व्होल्टची. ती उलटी बसली तर सगळे आयसी एकदम जातात, म्हणून दोन्ही सप्लायवर १एन५८१९ डायोड. रॅक नसेल तर चाचणीला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पुरतात.

लावताना आधी काडीचा सगळ्यात हळू ठोका वाजवा आणि ट्रिगरच्या आउटपुटवरची एलईडी लागेपर्यंत थ्रेशोल्ड खाली आणा. मग न वाजवता हलगी हलवा, स्पीकरसमोर धरा. स्पीकरच्या बासने एलईडी लागत असेल तर आधी उभं राहायची जागा बदला, थ्रेशोल्डला नंतर हात घाला. शेकून झालं की कातडं बदललेलं असतं, पावसाळी हवेत ते पुन्हा उतरतं. म्हणून थ्रेशोल्ड आणि गेनचे नॉब पेटीच्या बाहेरच हवेत, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे प्रीसेट इथे चालत नाहीत.