शो जंपिंगचं थेट प्रक्षेपण: रिंगणाकाठची तयारी

शो जंपिंग म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याची स्पर्धा. तिचं प्रक्षेपण करताना घरी बसलेल्या प्रेक्षकाला घोड्याचे खूर, अडथळ्याचा वरचा दांडा आणि गुण हे स्पष्ट दिसायला हवेत, आणि घोड्याला मात्र प्रक्षेपणाचा पत्ताही लागता कामा नये. काय न्यायचं आणि कुठे ठेवायचं, हे यावरूनच ठरवा.

रिंगणाची पाहणी निदान पंधरा दिवस आधी करा, तीही ज्या वेळी स्पर्धा असेल त्याच वेळी. हिवाळ्यातली स्पर्धा असेल तर आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो. मुख्य कॅमेरा दक्षिण बाजूला, उत्तरेकडे तोंड करून ठेवला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन पाठीशी राहतं. मचाण दोन-अडीच मीटर उंच हवं, कारण खालून घेतलेल्या दृश्यात पुढचा अडथळा मागच्याला झाकतो आणि घोडा कुठल्या उडीकडे वळतोय हेच कळत नाही. मचाणावर कॅमेरामनशिवाय कुणालाही चढू देऊ नका, कारण झूम केल्यावर एका माणसाच्या पावलानेही चित्र हलतं.

अडथळ्यांचा नकाशा राउंड सुरू होण्याच्या थोडंच आधी लागतो, म्हणून कॅमेऱ्याच्या जागा त्यावर अवलंबून ठेवू नका. नकाशा लागला की लगेच मोबाइलवर फोटो घ्या, त्याच्या प्रती काढा आणि प्रत्येक ट्रायपॉडला एक चिकटवा. जंप-ऑफच्या, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक फेरीच्या, अडथळ्यांवर वेगळ्या रंगाने खुणा करून ठेवा. क्रम पाठ नसलेला कॅमेरामन पाचव्या उडीनंतर डावीकडे वळतो आणि घोडा उजवीकडे जातो, हे हमखास घडतं. चौकटीत घोड्याच्या पुढे मोकळी जागा ठेवा. उडीच्या क्षणी झूम करायचं नाही, कारण दांडा पडतो तो बहुधा मागच्या पायांनी, आणि तोच नेमका चौकटीबाहेर राहतो.

एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या) नियमांप्रमाणे उघडं रिंगण किमान 4,000 चौरस मीटरचं आणि आखूड बाजू किमान 50 मीटर असते. म्हणजे कडेकडेने समोरच्या बाजूला पोचायला सव्वाशे-दीडशे मीटर केबल सहज लागते. घरच्या टीव्हीला असते ती एचडीएमआय केबल दहा मीटरपलीकडे भरवशाची नाही, व्यावसायिक कॅमेऱ्यांची एसडीआय चांगल्या केबलवर 70 ते 100 मीटर चालते, त्यापुढे फायबर ऑप्टिक केबल घ्या. घोडे जिथून ये-जा करतात तिथे केबल जमिनीवर मोकळी कधीच नको, एकतर जमिनीत पुरा किंवा बरीच उंचावरून न्या. ताडपत्री, छत्र्या, बॅनर घट्ट बांधा. वाऱ्याने फडफडणारं एक टोक घोडा बुजवायला पुरेसं असतं. ड्रोन नकोच. दृश्य सुंदर दिसतं हे खरं, पण त्यासाठी कुणाच्या पोराला खोगिरावरून पडू देण्याची गरज नाही.

इंटरनेटकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. धावत्या घोड्यासाठी 1080 ओळी आणि 25 फ्रेमपेक्षा 720 ओळी आणि 50 फ्रेम बऱ्या, उडी सलग दिसते. त्याला 6 एमबीपीएस लागतात, म्हणून अपलोड सतत 12 तरी मिळायला हवा. सकाळी सातला घेतलेली चाचणी फसवी असते. प्रेक्षक जमले, सगळ्यांनी फोन काढले की तोच टॉवर गुदमरतो, तेव्हा दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घ्या. आठ तासांना साधारण 22 जीबी जातात. रोज 2 जीबी देणारा प्लॅन पाऊण तासात संपेल. यूट्यूब चॅनेलवर लाइव्ह पहिल्यांदाच सुरू करत असाल तर परवानगीला 24 तास लागू शकतात. 12 तासांपेक्षा लांब प्रक्षेपण आपोआप जतन होत नाही, म्हणून दर दिवसाचं वेगळं करा.

वीज ध्वनिक्षेपक आणि चहाच्या किटल्यांच्या लाइनवरून घेऊ नका. एन्कोडर (चित्र इंटरनेटवर पाठवणारं यंत्र), स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचं यंत्र) आणि राउटर यूपीएसवर ठेवा, म्हणजे जनरेटरमध्ये डिझेल भरताना प्रक्षेपण तुटणार नाही. एक्स्टेंशनचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. लॅपटॉपला सावली द्या. उन्हात तो मंदावतो आणि फ्रेम गळू लागतात.

आवाजासाठी निवेदकाच्या माइकची वेगळी वायर घ्या. राउंडमध्ये वाजणारी फिल्मी गाणी त्यात आली तर कॉपीराइटमुळे प्रक्षेपण मध्येच बंद पडू शकतं. ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवरून घेताना मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, नाहीतर गुणगुण येते. एक शॉटगन माइक (समोरचाच आवाज टिपणारा लांबट माइक), केसाळ वाराकवच घालून, कुंपणाबाहेर ठेवा. टापा आणि दांड्याचा खडखडाट नसेल तर खेळ अर्धाच पोचतो. स्विचरमुळे चित्र मागे पडतं, तेव्हा टाळी वाजवून आवाज तेवढाच उशिरा करा.

2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींचा अश्वारोहण प्रकार) संघाने सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून अश्वारोहणाकडे वळलेला प्रेक्षक नियम जाणत असेलच असं नाही. पडद्यावरच्या पट्टीवर स्वार, घोडा, पेनल्टी आणि वेळ ठेवा. घंटेनंतर सुरुवातीची रेषा ओलांडायला 45 सेकंद असतात, ती उलटी गणती दाखवा. दांडा पडला की 4 पेनल्टी, पहिल्यांदा घोडा अडथळ्यापुढे अडला की 4, दुसऱ्यांदा अडला किंवा स्वार पडला की बाद, हे निवेदकाने दर तासाला सांगावं. टायमरचं थेट कनेक्शन मिळालं नाही तर एक छोटा कॅमेरा गुणफलकावर रोखा. स्टार्ट लिस्ट शेवटच्या क्षणापर्यंत बदलते, म्हणून ती सामायिक शीटमध्ये ठेवून एकालाच बदल करू द्या. घोड्यांच्या नावांची अक्षरं मोतद्दाराकडून किंवा मालकाकडून तपासून घ्या.

कुणी पडलं तर काय दाखवायचं हे आधी ठरवा आणि तो निर्णय एकाच माणसाकडे द्या. स्वार पडला की लगेच लांबचं दृश्य, निवेदक शांत, स्वार आणि घोडा दोघंही ठीक असल्याचं कळेपर्यंत रिप्ले नाही. घरी आई-वडील बघत असतात. अठराच्या आतल्या स्वारांसाठी पालकांची लेखी संमती अर्जासोबतच घ्या.

बक्षीस समारंभानंतर विजयी घोडे दौडत फेरी मारतात, तेव्हा गेटजवळ कुणी उभं राहू नये. शेवटचा घोडा तबेल्याकडे गेल्याशिवाय केबल गुंडाळायला घेऊ नका.