इंग्रजीत ‘प्रतिष्ठा’ लिहिताना नेमका शब्द कसा निवडावा

‘प्रतिष्ठित व्यक्ती’ इंग्रजीत लिहायची वेळ आली की पुष्कळांच्या हातून ‘प्रेस्टीजियस पर्सन’ लिहून जातं. शब्दकोशात प्रतिष्ठेपुढे प्रेस्टीज दिलेलं असतं, त्यामुळे शंकाही येत नाही. पण इंग्रजी रोज वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. प्रेस्टीजियस असतो पुरस्कार, असतं विद्यापीठ, असतं पद. माणूस ‘रिस्पेक्टेड’ असतो, ‘प्रॉमिनंट’ असतो आणि आपल्या क्षेत्रात फार वर पोचलेला असेल तर ‘एमिनंट’. मराठीत एकच प्रतिष्ठा घराण्याला, हुद्द्याला, संस्थेला आणि माणसाला चालते. इंग्रजीने तिचे वाटे केले आहेत. ते कशावरून पडले हे कळलं, तर याद्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पहिली पायरी : हा मान आला कुठून, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

मान जागेमुळे मिळत असेल, तर ‘स्टेटस’ किंवा ‘रँक’. रँक म्हणजे उतरंडीतली ठरलेली पायरी. सैन्यातला हुद्दा हे त्याचं सरळ उदाहरण. स्टेटस त्याहून सैल. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ उभं असण्याची स्थिती, म्हणून तो स्वभावाने तटस्थ आहे. ‘मॅरिटल स्टेटस’मध्ये मानाचा काही संबंध नसतो, विवाहित की अविवाहित एवढंच विचारलेलं असतं. मानाबद्दल बोलायचं असेल तर ‘हाय’, ‘लो’ किंवा ‘सोशल’ जोडलेलं बरं, म्हणजे अर्थ पक्का होतो. आणि स्टेटस म्हणजे पैसा असं धरून चालू नका. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी आर्थिक वर्ग आणि सामाजिक मान या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या मांडल्या. त्यांचं ते लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, 1922 मध्ये पुस्तकरूपाने आलं. हातात पैसा खेळतो पण चारचौघांत मान नाही, अशा माणसाचं वर्णन करताना हा फरक फार कामाला येतो.

मान लोकांच्या अनुभवातून तयार झाला असेल, तर ‘रेप्युटेशन’. आपण ज्याला नाव किंवा लौकिक म्हणतो, ते हे. रेप्युटेशन चांगलं असतं तसं वाईटही असतं. प्रेस्टीज मात्र चांगलंच; ‘बॅड प्रेस्टीज’ असा प्रयोग इंग्रजीत होत नाही. दोन्ही शब्द एकाच प्रसंगात घालून पाहा. घड्याळं दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. काम चोख, वेळेवर, भाव वाजवी. त्याचं रेप्युटेशन उत्तम आहे, पण त्याला प्रेस्टीज आहे असं कुणी म्हणणार नाही. याउलट एखाद्या जुन्या विद्यापीठात शिकवणं ढासळलेलं असतं, विद्यार्थी कुरकुरत असतात, म्हणजे रेप्युटेशन घसरलेलं असतं. तरी नावाचं प्रेस्टीज बरीच वर्षं टिकतं. प्रेस्टीज लांबूनही दिपवतं, रेप्युटेशन व्यवहारातून घडतं. याचं मूळ शब्दाच्या जन्मातच आहे. ज्या लॅटिन शब्दापासून प्रेस्टीज आला, त्याचा अर्थ हातचलाखी, नजरबंदी. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत तो भूल, भ्रम या अर्थानेच येई. आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला.

मान कुणाच्या मनातल्या आदरातून येत असेल, तर ‘एस्टीम’. कर्तृत्वाने माणूस मोठा झाला असेल, तर ‘स्टेचर’. शब्दशः ती शरीराची उंची, पण ‘आंतरराष्ट्रीय स्टेचरची चित्रकार’ असंही म्हटलं जातं.

आणि मान कुणी देण्याचा प्रश्नच नसेल, तर ‘डिग्निटी’. संयुक्त राष्ट्रांनी 10 डिसेंबर 1948 रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं पहिलंच कलम सांगतं की सर्व माणसं जन्मतःच स्वतंत्र आहेत आणि डिग्निटी व हक्क यांबाबतीत समान आहेत. तिथे स्टेटस घालून बघा, सगळा अर्थच कोसळतो. म्हणून रुग्ण, कैदी, कामगार यांच्या सन्मानाबद्दल लिहिताना या शब्दाला पर्याय शोधू नका.

दुसरी पायरी : सोबतचं क्रियापद तपासा

नाम बरोबर आणि क्रियापद परकं, असं झालं तरी वाक्य लंगडतं. रेप्युटेशन ‘अर्न’ किंवा ‘बिल्ड’ करतात आणि ते ‘डॅमेज’ होतं. कशाबद्दल नाव आहे ते सांगताना पुढे ‘फॉर’ येतं. प्रामाणिकपणाबद्दलही आणि उशिरा येण्याबद्दलही. प्रेस्टीज ‘एन्जॉय’ करतात. ते मोजता येत नाही, म्हणून त्याच्याआधी नुसता ‘अ’ लावू नका. एस्टीम बहुतेकदा एकाच साच्यात भेटतं : ‘टु होल्ड समवन इन हाय एस्टीम’. हा साचा जसाच्या तसा उचला.

तिसरी पायरी : प्रसंग पाहा

‘क्लाउट’ म्हणजे वजन, कामं करून घेण्याची ताकद. राजकारण आणि व्यवसायावरच्या लेखनात तो शोभतो, शोकसंदेशात नाही. ‘कुडॉस’ म्हणजे शाबासकी. हा ग्रीकमधून आलेला शब्द एकवचनी आहे. शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा समजून तो काढू नका. ‘कॅशे’ म्हणजे खानदानी छाप. फ्रेंचमध्ये मूळ अर्थ मोहोर. त्याच्या स्पेलिंगमधला शेवटचा टी उच्चारत नाहीत.

चौथी पायरी : फसव्या शब्दांवर नजर ठेवा

‘नोटोरियस’ आणि ‘इन्फेमस’ म्हणजे कुप्रसिद्ध. एखाद्या सत्कारमूर्तीला चुकून हे विशेषण लागलं, तर दिलगिरी व्यक्त करायची वेळ येते. ‘रिस्पेक्टेबल’ आणि ‘रिस्पेक्टेड’ हेही एक नाहीत. परीक्षेत ‘रिस्पेक्टेबल’ गुण म्हणजे बऱ्यापैकी गुण. गुरुजनांसाठी ‘रिस्पेक्टेड’च हवं. ‘स्टँडिंग’ तर दोन्हीकडे चालतो : ‘गुड स्टँडिंग’ म्हणजे संस्थेत सभासदत्व सुरळीत असणं, पण ‘ऑफ टेन इयर्स स्टँडिंग’ म्हणजे दहा वर्षांपासूनचा. तिथे प्रतिष्ठा शोधू नका.

थिसॉरसमध्ये, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशात, हे सगळे शब्द शेजारी शेजारी दिसतात, पण त्यांच्यातला फरक तिथे फारसा सांगितलेला नसतो. त्यामुळे तिथून शब्द घेतला की लगेच शब्दकोशातली उदाहरणं उघडा आणि आपल्या वाक्यातल्यासारखाच कर्ता तिथे सापडतो का ते बघा. माणसाबद्दल लिहीत असाल आणि सगळी उदाहरणं संस्थांची निघाली, तर दुसरा शब्द घ्या.