आईबाबा एकटे राहतात? त्यांच्याभोवती हाकेच्या अंतरावरची माणसं कशी जोडावीत

मुलगी न्यू जर्सीत, मुलगा बंगळुरूत, आणि आईवडील डोंबिवलीत, सांगलीत किंवा कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमध्ये. काही घरांत मुलगा पुण्यातच असतो, पण हिंजवडीला. म्हणजे आयत्या वेळी तोही परगावीच. मुलांचे उपाय साधारण ठरलेले असतात: बीपीचं मशीन, हॉलमध्ये कॅमेरा, वर्षाकाठी तपासण्यांचं पॅकेज आणि रात्री व्हिडिओ कॉल. यातलं वाईट काहीच नाही. पण आई बाथरूममध्ये घसरली तर कॅमेऱ्याला दार उघडता येत नाही. त्यासाठी दोन मिनिटांत जिना चढून येणारं माणूस लागतं, आणि असं माणूस आधीपासून जोडून ठेवावं लागतं.

प्रश्न फक्त पडण्या-धडपडण्याचा नाही. २०१० साली १४८ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं, त्यात तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांची माणसांशी घट्ट नाती होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. हे घडतं कसं ते आपल्या घरांत बघितलं तरी कळतं. एकट्या माणसाला एकट्यासाठी कुकर लावावासा वाटत नाही, मग रात्रीचं जेवण चहा-खारीवर भागतं. बीपीची गोळी राहिली तरी आठवण करून देणारं कोणी नसतं. बाहेर पडणं कमी झालं की पायांतली ताकद जाते, ताकद गेली की पडण्याची भीती बसते, आणि भीतीपोटी बाहेर पडणं आणखी कमी होतं.

पुढची कामं दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या आठ-दहा दिवसांच्या मुक्कामात होण्यासारखी आहेत. क्रम शक्यतो बदलू नका.

१. बाहेर जाणं कशामुळे थांबलं ते शोधा

थेट विचारलंत तर “कंटाळा येतो” किंवा “आता जाऊन भेटायचं कोणाला, सगळे गेले” असं उत्तर येईल. ते खोटं नसतं, पण अपुरं असतं. त्यापेक्षा त्यांच्याबरोबर भाजी आणायला जा. पिशवी त्यांच्याच हातात राहू द्या, पुढे पुढे चालू नका, आणि त्या कुठे थबकतात ते बघा. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हात टेकायला काही नाही? फुटपाथ दुचाक्यांनी अडवलाय? कोपऱ्यावरच्या कुत्र्यांमुळे त्या लांबचा वळसा घेतात? संध्याकाळचे दिवे गेलेत?

दोन कारणं मात्र चालून कळत नाहीत आणि आपणहून कोणी सांगतही नाही. पहिलं, लघवी. वाटेत सोय नाही म्हणून कित्येक बायका बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले बाबा कार्यक्रमाला जाणंच टाळतात. हे फॅमिली डॉक्टरांसमोर स्पष्ट बोला. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ बदलता येईल का ते त्यांनाच विचारा. स्वतःच्या मनानं बदलू नका. भागात स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे, कोणतं देऊळ किंवा वाचनालय आत जाऊ देतं, हे एकदा फिरून बघून ठेवा.

दुसरं कारण ऐकू कमी येणं. चारचौघांत विनोद झाला, सगळे हसले, आणि आपल्याला काहीच कळलं नाही, असं चार-पाच वेळा झालं की माणूस नुसती मान डोलवतो. नंतर येणंच सोडतो. घरचे म्हणतात, बाबा हल्ली घुमे झालेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली, तिच्यात कमी ऐकू येणंही आहे आणि एकटेपणही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, मळ असेल तर काढून घ्या, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची चाचणी करून घ्या. यंत्र घ्यावं लागलं तर ते मुक्कामाच्या सुरुवातीलाच घ्या. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजसुद्धा कानात घुसतो, आणि बाजूला धीर देणारं कोणी नसेल तर ते महागडं यंत्र कपाटातल्या डबीत जाऊन बसतं.

२. घराच्या दारापासून कोपऱ्यापर्यंतची वाट नीट करा

लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं माणूस स्वतःच्याच घरात अडकून पडतं. लिफ्ट बसवायचं सोसायटीत ठरेल तेव्हा ठरेल, पण तोवर जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा, मधल्या वळणावर भिंतीला बसवलेली घडीची खुर्ची, आपोआप लागणारा दिवा आणि पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा, एवढं करून घेता येतं. सेक्रेटरींना तोंडी सांगू नका. लेखी अर्ज द्या, आणि त्यावर इमारतीतल्या आणखी तीन-चार घरांच्या सह्या घ्या. सत्तरीपुढचं माणूस बहुतेक मजल्यांवर असतंच. पैशांवरून गाडं अडलं तर गेटजवळच्या बाकाचा खर्च आपण उचलतो म्हणावं. आपल्याकडे ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ बाक देण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

बाक आणि दिवा या गोष्टी किरकोळ वाटत असतील तर शिकागोचं उदाहरण बघा. जुलै १९९५ मध्ये तिथे पारा ४१ अंशांवर गेला आणि उष्णतेच्या त्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. एकटे राहणारे, घराबाहेर न पडणारे, वाहन नसलेले लोक त्यात जास्त होते. तिथल्या उत्तर लॉन्डेल आणि दक्षिण लॉन्डेल या शेजारशेजारच्या वस्त्या. गरिबी दोन्हीकडे, एकटे म्हातारेही दोन्हीकडे. तरी उत्तरेतला मृत्युदर दक्षिणेच्या दहापट होता. दक्षिणेकडच्या रस्त्यांवर दुकानं होती, वर्दळ होती, त्यामुळे म्हातारी माणसं पायी बाहेर पडत, दुकानात टेकत आणि ओळखीची होती. उत्तरेत दुकानं बंद पडून रस्ते ओस झाले होते, बाहेर पडायची भीती होती. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात आईवडील एकटे असतील तर हे लक्षात ठेवा.

३. पाच माणसं ठरवा आणि प्रत्येकाला एकच नेमकं काम सांगा

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या.

“जरा लक्ष असू द्या हं” या वाक्यावर समोरचा “हो हो, अगदी!” म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. नेमकं काय करायचं ते त्याला कळलेलंच नसतं. त्याऐवजी समोरच्या काकूंना असं सांगा: “काकू, आईची दुधाची पिशवी साडेआठपर्यंत दाराला तशीच लटकलेली दिसली तर बेल वाजवाल? दार नाही उघडलं तर मला फोन करा. माझा लागला नाही तर थांबू नका, तुमच्याकडच्या किल्लीनं सरळ आत जा.” यात वेळ आहे, खूण आहे आणि परवानगीही आहे. परवानगी महत्त्वाची. दुसऱ्याच्या घरात शिरायचं कसं, या संकोचात लोक दाराबाहेर अर्धा तास उभे राहतात.

किल्ली देण्याआधी आईबाबांना विचारा. त्यांना ज्यांच्याकडे द्यायची नसेल त्यांच्याकडे ती देऊ नका, तुमचे त्या घराशी कितीही चांगले संबंध असले तरी. आणि आतली कडी लावायची सवय असेल तर बाहेरच्या किल्लीचा उपयोग शून्य, तेव्हा कडीऐवजी बाहेरून उघडणारं लॅच बसवून घ्या.

बाकीची चार माणसं साधारण अशी: रात्री-बेरात्री उचलून गाडीत घालू शकेल असा इमारतीतला एक तरुण, रोज घरात येणाऱ्या पोळीवाल्या किंवा कामाच्या मावशी, वॉचमन किंवा वाणी, आणि आईबाबांच्याच वयाचं एक स्नेही माणूस, ज्यांच्याशी ते दुखणंखुपणं मोकळेपणानं बोलतात. मावशींना कमी लेखू नका. डब्यातली भाजी तशीच राहते, ओटा पुसल्यासारखा वाटत नाही, गॅस चालू राहिला, एकच प्रश्न तीनदा विचारला, हे सगळ्यात आधी त्यांना दिसतं. “ताई, आजी बऱ्या दिसत नाहीत” असं त्या मोकळेपणानं कळवतील इतका विश्वास तयार करा, आणि त्यांनी कळवलं म्हणून आईला फोन करून “मावशी म्हणत होत्या…” असं मात्र सांगू नका. एकदा असं झालं की त्या पुन्हा तोंड उघडणार नाहीत.

मग एक कागद. मोठ्या अक्षरांत, मराठीत, फ्रीजवर किंवा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला: चालू गोळ्या, ॲलर्जी, रक्तगट, फॅमिली डॉक्टर, जवळचं रुग्णालय, विम्याच्या कागदांची जागा, या पाच जणांचे फोन, रुग्णवाहिकेसाठी १०८. खाली लाल पेनानं लिहा: तोंड एका बाजूला वाकडं, हात उचलत नाही किंवा बोलणं अडखळतं, तर लगेच १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. “जरा पडून राहतो, बरं वाटेल” म्हणण्यात हे तास निघून जातात.

४. आठवड्यातलं एक ठिकाण ठरवा, पहिल्या खेपांना सोबत जा

ज्येष्ठ नागरिक संघ बहुतेक शहरांत आणि तालुक्याच्या गावांत आहेत. त्यांच्या राज्यभरच्या महासंघाला फेस्कॉम म्हणतात. याखेरीज हास्यक्लब आहेत. १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला सुरू केला होता. कोणाला खोटं हसणं बावळटपणाचं वाटतं; त्यांना तिकडे ओढू नका. भजनी मंडळ, भिशी, अथर्वशीर्षाचं आवर्तन, पत्त्यांचा अड्डा, वाचनालयातला पेपर वाचायचा कोपरा, काहीही चालेल. अट एकच, ते पायी किंवा एका रिक्षेत गाठता आलं पाहिजे.

नावनोंदणी करून देऊन मोकळे होऊ नका. नव्या घोळक्यात पहिल्या दिवशी बसायचं कुठे हा प्रश्न पंचाहत्तरीतही तितकाच छळतो. दोन-तीन वेळा बरोबर जा, तिथल्या एकाशी ओळख करून द्या, आणि जमलं तर आईबाबांना तिथे एखादं काम मिळेल असं बघा: वर्गणीची वही, सहलीची यादी, पेटी वाजवणं, नव्या सभासदांना फोन. हजेरी लावून परत येणाऱ्याला पाऊस हे घरी राहायला पुरेसं कारण असतं. ज्याच्याकडे वर्गणीची वही आहे तो छत्री घेऊन निघतो. मुलं आईवडिलांना सगळं आयतं पोचवण्यात इतकी गुंततात की त्यांच्याकडून कोणाला काही हवं असू शकतं हे विसरतात. खालच्या मजल्यावरच्या मुलीला गणित शिकवणं, नोकरीवाल्या शेजारणीचं कुरिअर घेऊन ठेवणं, यातूनच ती पाच माणसं खऱ्या अर्थानं जोडलेली राहतात.

गावोगावी बहीण-भाऊ असतील तर एसटीचा फायदा घ्या. पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयात निम्मं भाडं, आणि बायकांना वयाची अट न ठेवता अर्धं तिकीट. वयाचा पुरावा जवळ ठेवायचा.

५. पैशांच्या फोनसाठी एक नियम

पोलीस किंवा सीबीआय असल्याचं भासवून फोनवरूनच ‘डिजिटल अटक’ करणारे आणि पैसे उकळणारे भामटे पहिली अट हीच घालतात की कोणाशी बोलायचं नाही, फोन ठेवायचा नाही. एकटं माणूस त्यांना त्यासाठीच हवं असतं. घरात ठरवून टाका: पोलीस, बँक, सीबीआय, कोणीही असो, फोन कापायचा आणि समोरच्या काकूंच्या दारात जायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

६. माणसं पुरत नाहीत तेव्हा

झोप उडाली, जेवण सुटलं, आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर हास्यक्लबाचा सल्ला देत बसू नका. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. कायदा, निवृत्तिवेतन किंवा छळाची तक्रार असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते.

७. परत गेल्यावर

वॉचमन बदलतो, तरुण लग्न होऊन वाकडला राहायला जातो, मावशी काम सोडतात. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी यादीतल्या प्रत्येकाला आपण स्वतः फोन करायचा, काम नसताना. काकूंना पाकिटातून पैसे देऊ नका, त्या दुखावतील. त्यांच्या नातवाच्या दहावीच्या निकालाची तारीख लक्षात ठेवा. मावशींना आणि वॉचमनला मात्र दिवाळीला पैसेच द्या, मिठाईचा पुडा नको.

आणि काही बाबांना माणसं आवडतच नाहीत. आयुष्यभर आवडली नाहीत, आता ऐंशीव्या वर्षी आवडणार नाहीत. त्यांना संघात कोंबण्याचा हट्ट सोडा. घरपोच किराणा बंद करा, पेपर टाकायला येणाऱ्यालाही नाही म्हणून सांगा, आणि स्टॉलवरून रोज स्वतः आणायची सवय लावा. पेपरवाला, वाणी आणि गेटवरचा वॉचमन, तिघांशी मिळून दिवसाला चार वाक्यं झाली तरी एक दिवस ते दिसले नाहीत तर तिघांच्या लक्षात येईल. त्या तिघांकडे तुमचा नंबर असला म्हणजे झालं.